नळी बदलायच्या आधी काय काय हाताशी हवं

हवेच्या रायफलीची नवी नळी मागवायच्या आधी चिमूटभर कापूस घ्या. सरकी काढलेला, पिंजलेला, सुटा. जुन्या नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून तो हलक्या हाताने गोल फिरवा. धागा कुठं अडकला तर तिथं कडेला खरड आहे. मग भिंग लावून तीच जागा पाहा. आमच्याकडं ‘नळी झिजली’ म्हणून आलेल्या रायफलींपैकी बऱ्याच या कापसाच्या परीक्षेतच सुटतात. कड खराब झाली असेल तर चांगला टर्नर लेथवर तोंड नव्याने काढून देतो आणि नव्या नळीचा खर्च वाचतो.

हवेच्या रायफलीची नळी छर्ऱ्यांनी झिजत नाही. शिसं मऊ, नळी पोलादाची, आणि छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटरने जाणारा. त्यात जाळ नाही, बारूद नाही. नळी खराब होते ती तोंडाकडून घातलेल्या लोखंडी सळईने आणि गंजाने. आणि गंज आमच्याकडं पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त धरतो, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या बाजूला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. मग नेमबाजीच्या रेंजमध्ये वाळ्याचा कूलर लागतो, आणि पोट्टे रायफल नेमकी कूलरच्या तोंडासमोर टेकवून चहाला जातात. दोन महिने ओला वारा खाल्लेली नळी सप्टेंबरात लाल पाणी सोडते.

कापसानंतरही खात्री नसेल तर छर्रे पसरण्यामागचे बाकीचे संशयित तपासा. पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, सैल आहे का, लाकडी दस्त्याचे बोल्ट ढिले आहेत का, छर्ऱ्यांचा डबा मधेच बदलला का. दहा मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथं ढिला स्क्रू आणि खराब नळी सारखाच पसारा करतात. एवढं करून नळीत गंजाचे खड्डे दिसले, तरच पुढचं वाचा.

एक गोष्ट आधीच. स्वप्निल कुसाळेला २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळालं, तेव्हापासून पोरं मला विचारतात, ‘काका, ते रायफल बी तुम्ही खोलता का?’ नाही. ती .२२ची, काडतुसाची रायफल. तिला परवाना लागतो, आणि तिची दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथनंच करायची. तिच्या नळीची झीजही वेगळी असते, गरम वायूने, काडतुसाच्या घराच्या लगेच पुढं. इथं जे सांगतो ते फक्त ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या रायफलीचं, जिच्यासाठी परवाना लागत नाही. तिच्यातसुद्धा ट्रिगर आणि हवेचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

आता तयारी. काम तासाभराचं असतं, तयारीला मी दोन रात्री धरतो. जिल्हा स्पर्धेला पंधरा दिवस असताना हे काम हाती घेऊ नका.

सगळ्यात आधी हवेचा सिलिंडर काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. ट्रकच्या चाकात आठेक बार हवा असते, या हातभर नळकांड्यात २०० बार. सिलिंडर काढल्यावरही रायफलीच्या पोटात थोडी हवा उरते. नळी सुरक्षित दिशेला धरून, छर्रा न घालता, चाप ओढून ती संपवा. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत ओढा. मग नळीतून रंगीत सेफ्टी दोरी आरपार घाला. सिलिंडर दुसऱ्या खोलीत गेलाच आहे, तर त्यावरची तारीखही वाचून घ्या. दहा वर्षांहून जुना सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरातही ठेवू नये.

मग फोटो. चारी बाजूंनी, आणि प्रत्येक भाग काढताना एक. नळी रिसीव्हरच्या, म्हणजे ती ज्यात बसते त्या मधल्या भागाच्या, बाहेर किती येते ते व्हर्निअरने मोजून भिंतीवर खडूने लिहा. मी कागदावर लिहायचो, तो कागद हात पुसायला जायचा. पुढची साइट आणि रिसीव्हर एका रेषेत आहेत याची खूण सुईने ओढून ठेवा. स्क्रूंसाठी अंड्यांचा ट्रे. प्रत्येक खड्ड्यात एका जागचे स्क्रू, काढले त्या क्रमाने. ट्रे भिंतीकडं ठेवा, कोंबडीच्या वाटेवर नको. हसू नका, आमच्याकडं एक ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा बारका स्क्रू, कोंबडीनं उचललेला आहे.

अवजारांत पैसे एकाच ठिकाणी घाला, ॲलन की, म्हणजे सहा कोपऱ्यांची चावी. बाकी सगळं पंपाच्या दुरुस्तीच्या पेटीतलं चालतं. बाजारातल्या स्वस्त संचाच्या चाव्या मऊ असतात. त्यांचे कोपरे पिळतात आणि जाता जाता स्क्रूचे सहा कोपरेही गोल करून जातात. जुनी चावी असेल तर तिचं टोक ग्राइंडरवर दोनेक मिलिमीटर उडवा, कोपरे पुन्हा धारदार होतात. घासताना पाण्यात बुडवत राहा, निळी पडली तर वाया गेली. गोळ्याच्या टोकाची चावी अडकलेल्या स्क्रूला कधीच लावू नका, ती फिरवायला असते, फोडायला नाही. आणि चावी घालायच्या आधी स्क्रूचं भोक शिवणाच्या सुईने कोरा. आमची रेंज जुन्या कापसाच्या गोदामात आहे, त्या भोकांत तळाशी रुई आणि धूळ दाबून बसलेली असते. चावी अर्धीच आत जाते आणि आपल्याला वाटतं स्क्रू अडकलाय.

बाकवाईसच्या जबड्यांना सागाच्या फळ्या आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. रिसीव्हर ॲल्युमिनियमचा असतो. पोलादी जबड्यात धरला की त्याला दात लागतात, आणि जोर दिला की तो चेपतो.

इथं एक हिशेब डोक्यात पक्का ठेवा. जुनी नळी भंगारात जाणार आहे, रिसीव्हर राहणार आहे. म्हणून जो काही जोर, उष्णता, पकड, ओरखडा द्यायचा तो नळीला द्या. माणसं उलट करतात. नळी महागाची वाटते, लांब असते, चमकते, तिला फडक्यात गुंडाळतात आणि रिसीव्हरला पाईप पाना लावतात. एक अपवाद आहे: नवी नळी आली आहे, मोजून बसते आहे, हे पाहिल्याशिवाय जुनीचा नाश करू नका.

आता अडकलेले भाग. अडकला म्हणजे नेमका कशाने, हे आधी ओळखायचं. तेल ओतणं सोपं असतं म्हणून सगळे आधी तेल ओततात. स्क्रूच्या कडेला निळा किंवा लाल वाळलेला थर दिसला तर तो कारखान्यातला थ्रेडलॉक, स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावलेला गोंद, त्यावर तेलाचा उपयोग नाही. तांबडी भुकटी म्हणजे पोलादाचा गंज, तिथं तेल. पांढरी भुकटी म्हणजे पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून ओलाव्यात राहिले. हा प्रकार सगळ्यात चिवट, कारण भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते आणि सांधा आतून ठासला जातो. कूलरवाल्या रायफलींत हाच जास्त. आणि पिवळट, मधासारखा चिकट थर दिसला तर घरी विचारा.

मी विचारलं होतं. एका पोराची पुढची साइट हलेना. स्क्रू सुटला, पट्टा सैल झाला, तरी साइट नळीला चिकटलेली. दोन दिवस मी गंजाचं तेल टाकत बसलो. शेवटी पोरगं म्हणालं, ‘काका, बंदूक जंगू नाई म्हणून आजीनं जवसाचं तेल लावून देलं होतं.’ झाडीकडच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, घरात जवस भाजीलाही असतो आणि बैलगाडीच्या लाकडालाही. रायफलीच्या लाकडी दस्त्याला तो उत्तमच. पण जवसाचं तेल हवेत वाळून कातडी धरतं, वॉर्निश त्याचंच करतात. लोखंडाच्या सांध्यात गेलं की डिंक. टर्पेंटाइनने भिजवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवलं, सकाळी साइट बोटाने फिरली. आजीला मी काही बोललो नाही. तिच्यामुळं त्या नळीला बाहेरून गंजाचा एक ठिपका नव्हता, हे पण खरं.

थ्रेडलॉकसाठी ६० वॉटचा सोल्डरिंग आयर्न घ्या. साफ केलेल्या भोकात त्याचं टोक पाच मिनिटं टेकवून ठेवा, आणि गरम असतानाच चावी लावा. निळा थर बहुधा यातच सुटतो. लाल थराला २५० अंशांपर्यंत न्यावं लागतं, तिथं घाई नको, दोनतीनदा तापवा. गॅसची बत्ती वापरू नका. ॲल्युमिनियम रंग न बदलता नरम पडतं, तुम्हाला कळतसुद्धा नाही. तापवायच्या आधी जवळची रबरी सीलं आणि ओ-रिंगा काढलेल्या हव्यात. ज्या निघणार नाहीत त्या बदलायच्याच आहेत असं धरून चला.

तेल टाकाल ते सुईने, थेंबानं, आणि रायफल अशी कलती ठेवा की तेल हवेच्या वाटेकडं उतरणार नाही. जास्त दाबाच्या हवेत साधं खनिज तेल पेट घेऊ शकतं. म्हणून जोडताना हवेच्या बाजूचा प्रत्येक भाग कोरडा पुसायचा, आणि तिथं कंपनीने सांगितलेलंच ग्रीस. तेल टाकलं की झोपायला जा. स्प्रे मारून पाच मिनिटांत पाना लावणारा माणूस मी स्वतः होतो, म्हणून सांगतो. अशाच एका संध्याकाळी, लाइट जायच्या आत उरकावं म्हणून, मी एका स्क्रूचे सहाही कोपरे गोल केले आणि त्यापायी पुढचा आठवडा गेला.

तशी वेळ आलीच तर हाताशी काय हवं? गोल झालेल्या भोकापेक्षा किंचित मोठा चांदणीच्या टोकाचा बिट, हलक्या हातोडीने ठोकून बसवायला. त्या ठोक्यानेच अर्धा गंज तुटतो. फिरवताना आधी केसभर आवळा, मग सोडा. तेही नाही झालं तर उलट्या आट्याचा ड्रिल बिट, जो कापता कापता सोडायच्या दिशेने फिरतो. हा तालुक्याला मिळत नाही, नागपूरहून आधीच आणून ठेवा. ड्रिलची पाळी आली की हातमशीन बाजूला ठेवा आणि खांबाच्या ड्रिलवाल्या टर्नरकडं जा. रिसीव्हरचे आटे गेले तर रायफल गेली.

सगळे स्क्रू निघाले आणि नळी तरी रिसीव्हरमधून हलेना, तर आमच्या उन्हाचा उपयोग आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पंधरा मिलिमीटरच्या भोकात पन्नास अंशांच्या फरकाने साधारण आठ मायक्रॉनची फट मिळते. केस सत्तरेक मायक्रॉनचा, म्हणजे फट डोळ्याला दिसणारही नाही, पण पांढऱ्या भुकटीची पकड तुटायला पुरते. रिसीव्हर उघडा करून दुपारी पत्र्यावर दोन तास ठेवा, उन्हाळा नसेल तर केस वाळवायचं यंत्र. नळीच्या बाहेरच्या भागाला प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला बर्फ, पाणी आत जाता कामा नये. मग नळी फळ्यांमध्ये आवळून धरा, रिसीव्हर दोन्ही हातांनी डावी-उजवी थोडा थोडा फिरवत सरळ ओढा. तोंडाकडून हातोडी मारू नका, आत छर्रा भरायच्या बाजूला जे सील आणि भाग असतात ते तोच मार खातात. फिरायच्या आधी आत खाचेत बसणारी पिन किंवा दुसरा लपलेला स्क्रू नाही ना, हे तुमच्या मॉडेलच्या नकाशात पाहून घ्या. मी एकदा पाऊण तास अशाच एका स्क्रूशी भांडलो, जो साइटच्या पट्टीखाली होता.

मागवायच्या यादीत नळीबरोबर सीलांचा पूर्ण संच आणि सगळे ग्रब स्क्रू नवे. जुना स्क्रू चांगला दिसला तरी परत लावू नका, पाचदहा रुपयांची वस्तू आहे. मॉडेल आणि क्रमांक फोटोसकट पाठवा, नाहीतर शेजारच्या मॉडेलची नळी येते आणि परत पाठवण्यात महिना जातो. थ्रेडलॉक लागणार असेल तर निळा, आणि एका स्क्रूला एक थेंब.

छर्रेही आताच आणा, तीनचार वेगवेगळ्या लॉटचे डबे. नव्या नळीला जुन्या नळीचे लाडके छर्रे मानवतीलच असं नाही. रायफल शिकंज्यात बांधून प्रत्येक लॉटचे दहा दहा एका ठिकाणी मारून पाहायचे. त्या दिवशी कूलर बंद, पोरांना सुट्टी, आणि जुन्या नळीला चिठ्ठी बांधून ती माळ्यावर, निदान पुढच्या स्पर्धेपर्यंत.