शंकरपटाच्या गेममध्ये बैल पळवायचा कसा

बैल पळतो म्हणजे चित्रं भराभर बदलतात, एवढंच. धावेच्या एका पूर्ण आवर्तनाची ८ चित्रं काढा, प्रत्येक ६४ × ६४ पिक्सेलचं, आणि ती एकाच पीएनजी फाइलमध्ये ओळीनं मांडा. ही ५१२ × ६४ ची स्प्राइट शीट झाली. क्रमांक ० पासून मोजा; डावी कड = क्रमांक × ६४.

फ्रेम, म्हणजे दिसणारं चित्र, गेमच्या प्रत्येक फेरीला (कोड पडदा पुन्हा रंगवतो त्या दर वेळी) बदलू नका. नाहीतर भारी फोनवर बैल उधळतो अन् गावातल्या जुन्या फोनवर रेंगाळतो. मागच्या फेरीपासून गेलेला वेळ एका बेरजेत साठवा. बेरीज ०.१ सेकंदाला पोचली की क्रमांक एकानं वाढवा, ८ झाला तर ०. बेरीज शून्य करू नका, तिच्यातून ०.१ वजा करा. उरलेला वेळ फेकला तर चाल ठरल्यापेक्षा मंद होते.

खूर घसरल्यासारखे दिसतात? मग वेग आणि फ्रेम जुळत नाहीत. एका आवर्तनात बैल ९६ पिक्सेल जात असेल अन् वेग सेकंदाला १२० असेल, तर १२० ÷ ९६ × ८ = १० फ्रेम प्रतिसेकंद. वेग वाढला की हा आकडाही वाढवाच.

कडेला शेजारच्या चित्राची रेघ डोकावली तर दर दोन फ्रेमच्या मधे २ पिक्सेल मोकळी जागा सोडा. डावी कड मग क्रमांक × ६६. पिक्सेल आर्ट (ठळक चौकोनी ठिपक्यांचं चित्र) असेल तर स्मूदिंगही, म्हणजे कडा मऊ करणं, बंद करा.

उलट्या दिशेसाठी वेगळी चित्रं कशाला? आडवं स्केल −१ करा, चित्र आरशातल्यासारखं उलटतं. फक्त आधारबिंदू, म्हणजे ज्याच्याभोवती चित्र उलटतं तो बिंदू, खुरांच्या मधोमध हवा. डाव्या कोपऱ्यात राहिला तर वळताना बैल ६४ पिक्सेल उडी मारतो.