परराज्यातली नंबर प्लेट आणि पार्किंगचं तिकीट: या चुका टाळा

अमेरिकेत नोकरीसाठी टेक्सस किंवा न्यू जर्सीहून माणूस कॅलिफोर्नियात येतो आणि नवं घर लागेपर्यंतच वायपरखाली पार्किंगचं तिकीट येऊन बसतं. बऱ्याच जणांना वाटतं, गाडी इथली नाही, यांना आपला पत्ता कुठून मिळणार? ही समजूत सगळ्यात महागात पडते. तिकीट गाडीच्या मालकावर असतं, आणि प्लेटवरून मालकाचं नाव-पत्ता जुन्या राज्याच्या नोंदीतून काढता येतं. नोटीस जाते ती त्या नोंदीतल्या पत्त्यावर, म्हणजे जिथून तुम्ही बिऱ्हाड हलवलंय तिथं. पत्र हाती पडत नाही आणि मुदत उलटून जाते, मग दंडावर लेट फी चढत राहते. न्यूयॉर्क शहरात जुनी थकबाकी ३५० डॉलरच्या वर गेली की गाडीच्या चाकाला कुलूप लागू शकतं.

म्हणून पत्राची वाट बघू नका. तिकिटावरचा नंबर शहराच्या अधिकृत साइटवर टाकून बघा, आणि पोस्टात पत्ताबदल त्याच आठवड्यात नोंदवा. उगीच घाबरूही नका. पार्किंगच्या तिकिटानं लायसन्सवर सहसा पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याचे गुण, येत नाहीत. तो सहसा फौजदारी गुन्हाही नसतो, त्यामुळे व्हिसाच्या काळजीनं झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

तिकीट चुकीचं वाटत असेल तर आधी पैसे भरू नका. पैसे भरले म्हणजे चूक कबूल, असं न्यूयॉर्कसारख्या शहरांत धरलं जातं. कॅलिफोर्नियात तिकीट मिळाल्यापासून २१ दिवसांत फेरतपासणी मागता येते आणि त्या पहिल्या टप्प्याला दंड आधी भरावा लागत नाही. न्यूयॉर्क शहरात ही मुदत ३० दिवसांची आहे. गाडी हलवण्याआधी फोटो काढा: पाटी, कर्बचा (फुटपाथच्या कडेचा) रंग, मीटर, आणि गाडी कुठे उभी होती ते दाखवणारा एक लांबून. ‘मी नवीन आहे, नियम माहीत नव्हता’ हे कुणी ऐकत नाही. झाडाआड गेलेली पाटी किंवा पैसे भरल्याची पावती दाखवलीत तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं.

पावतीवरून आठवलं, पार्किंगच्या ॲपमध्ये प्लेटचा नंबर टाकताना शेजारी राज्य निवडायचं असतं. तिथं आधीच स्थानिक राज्य भरलेलं असू शकतं आणि घाईत ते तसंच राहतं. मग तपासणाऱ्याला तुमच्या प्लेटवर पैसे भरलेले दिसतच नाहीत. असं झालं तर पावती आणि प्लेटचा फोटो जोडून जरूर दाद मागा.

जुन्या राज्याच्या सवयीही नडतात. न्यू जर्सीत फायर हायड्रंटपासून (आग विझवण्यासाठीच्या रस्त्याकडेच्या नळापासून) १० फूट पुरतात, कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्क शहरात १५ लागतात, कर्ब रंगवलेला असो वा नसो. कॅलिफोर्नियात आता क्रॉसवॉकच्या (रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांच्या) अलीकडे २० फुटांत गाडी लावली तर रंग किंवा पाटी नसतानाही तिकीट मिळू शकतं. सॅन फ्रान्सिस्कोत ३ टक्क्यांहून जास्त उतारावर चाकं वळवून ठेवावी लागतात. शिकागोत काही मुख्य रस्त्यांवर १ डिसेंबर ते १ एप्रिल पहाटे ३ ते ७ पार्किंग बंद असतं. बर्फ पडला नसला तरी गाडी टो होते, म्हणजे उचलून नेतात.

फ्लोरिडा किंवा पेनसिल्व्हेनियाहून आलात तर गाडीला पुढे प्लेट नसते. कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर गाडीच्या नोंदणीसाठी २० दिवस मिळतात. त्यानंतर दोन्ही प्लेट लागतात.

आणि ‘तुमचा पार्किंग दंड बाकी आहे’ असा मेसेज फोनवर आला तर त्यातल्या लिंकवर पैसे भरू नका. मीटरवर चिकटवलेला क्यूआर कोडही खोटा असू शकतो. शहराच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथेच तुमची प्लेट राज्यासकट शोधा.