आफ्रिकेची महागडी सफारी: ताडोब्याच्या गेटवरच्या लोकांनी तिकडं जाऊन केलेल्या चुका, तुम्ही टाळा

आमचं गाव ताडोब्याच्या मोहर्ली गेटच्या अलीकडं. घरी चार खोल्यांचा होमस्टे, चुलतभाऊ जिप्सी चालवते, त्यामुळं टुरिस्ट लोक काय काय गाढवपणा करतात हे आमच्याइतकं कोणाला माहीत नाही असा आमचा समज होता. वाघ दिसला की बोंबलणारे, नाही दिसला तर पैसे वापस मागणारे, जिप्सीतून बाटली फेकणारे, सगळे नमुने पाहून झाले. मग गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी, बायको, मोठे भाऊ अन् वहिनी असे चौघं केनिया अन् टांझानियाला जाऊन आलो अन् तिकडं तोच गाढवपणा आम्ही केला, एकही सोडला नाही.

ऑगस्टच काऊन, तर 1 जुलै ते 30 सप्टेंबर इकडं ताडोब्याचा कोर, म्हणजे आतलं जंगल, बंद असते, खोल्या रिकाम्या, वावर मक्त्यानं दिलेलं, अन् तिकडं बरोबर त्याच टायमाला विल्डबीस्टचे (गायीसारखं दिसणारं तिकडचं मोठं हरीण) कळप मारा नदीपाशी असतात. पैसे कुठून आले म्हणाल तर भाऊची जमीन कोळशाच्या खाणीत गेली, त्या मोबदल्यातले. खाणीच्या पैशावर पर्यावरणपूरक सहल. हसा बाप्पा, आम्हीबी हसतो.

अख्खी आफ्रिका दहा दिवसात

वहिनीनं आधीच यादी करून ठेवली होती, सिंह, गोरिला, व्हिक्टोरिया फॉल्स, केप टाऊन अन् जमलंच तर पिरॅमिड. आपल्याला वाटते आफ्रिका म्हणजे एक देश, पण ते 54 देश आहेत अन् भारताच्या नऊपट जागा आहे, नुसतं नैरोबीहून केप टाऊनला विमानानं पाच-सहा तास लागतात. एका ट्रिपला एकच कोपरा धरा अन् एका जागी कमीत कमी तीन रात्री राहा. रोज उठून विमानात बसलं तर पैसाबी धुरात जाते अन् वर कॅम्पवाल्याला सोलर आहे का विचारायचं तोंड राहत नाही.

कागदपत्राची भानगड सांगतो. केनियाला 2024 पासून व्हिसा नाही, त्याच्या जागी ईटीए, म्हणजे जायच्या आधी काढायची परवानगी लागते, ते ऑनलाइन भरायचं, पण सरकारी साइटवरच, कारण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइटा दुप्पट पैसे घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, आपल्याकडं वडिलाचं नाव मधात घालायची सवय असते तिथंच घोळ होते. अन् ईस्ट आफ्रिकेचा एकत्र व्हिसा मिळते म्हणून खुश होऊ नका, तो केनिया, युगांडा अन् रवांडा या तिघांचाच आहे, टांझानिया त्यात येत नाही. आमच्या एजंटानं हे निघायच्या आठ दिवस आधी सांगितलं. मग रात्र रात्र बसून चौघांचे फॉर्म भरले.

मॉन्सूनसारखंच तिकडंही आहे, मार्च ते मे लंबा पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबरला छोटा. विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडताना पाहायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबर, त्यांची पिल्लं पाहायची असतील तर जानेवारी ते मार्चमध्ये टांझानियातल्या सेरेंगेटी जंगलाच्या दक्षिणेला. पण जुलै-डिसेंबरमध्ये केनियातल्या मासाई मारा जंगलाची एंट्री माणशी 200 डॉलर आहे, जानेवारी ते जून 100. ते 200 म्हणजे सतरा-अठरा हजार रुपये अन् तेही सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढ्याचे. ताडोब्याच्या तिकिटाला महाग म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवा.

सामानात काय चुकलं

आम्ही चंद्रपूरकडची माणसं, मे महिना 46 डिग्रीत काढणारी, आफ्रिका म्हणजे धुपकाळाच असणार म्हणून एकही स्वेटर नाही नेलं. नैरोबी जवळपास 1,800 मीटरवर आहे, आपलं चिखलदरा 1,100च्या आसपास, अन् टांझानियातल्या गोरोंगोरोच्या (जुन्या ज्वालामुखीचा मोठा खड्डा) काठावर तर 2,300 मीटर. पहाटे उघड्या छताच्या गाडीत दातावर दात. भाऊनं तिथल्या मासाई या गुराखी जमातीची लाल शुका, म्हणजे चादर, विकत घेऊन अंगावर गुंडाळली अन् दहा दिवस काढलीच नाही, सगळ्या फोटोत तोच दिसते.

गेटवर मिळतात ना ते मिलिटरी डिझाइनचे टोप्या-जॅकेट, ते घरीच ठेवा, आफ्रिकेतल्या बऱ्याच देशात साध्या माणसानं ते घालणं गुन्हा आहे. निळे अन् काळे कपडेही नको, त्सेत्से माशी त्याच रंगावर येते, चावली की आपली गोमाशी बरी वाटते. ड्रोन तर नेऊच नका, एअरपोर्टवरच जप्त.

छोट्या विमानानं माराला जाणार असाल तर हँडबॅग धरून 15 किलो, अन् बॅग नरम पाहिजे. आमच्या चाकवाल्या कडक सुटकेसा पाहून तिथल्या पोरानं नुसती मान हलवली. मग जरुरीचे कपडे थैलीत कोंबले अन् सुटकेसा नैरोबीच्या हॉटेलच्या स्टोअरमध्ये ठेवल्या, फुकट ठेवतात, आधी विचारा. रस्त्यानं गेलं तर 270 किलोमीटर, पाच-सहा तास, तिथं वजनाची कटकट नाही.

आता चिवड्याची गोष्ट. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्या बंद आहेत अन् जंगलात 5 जून 2020 पासून एकदा वापरून फेकायच्या बाटल्या-चमचेसुद्धा. टांझानियात 1 जून 2019 पासून बाहेरून येणाऱ्यांनाही पिशवी आणता येत नाही, रवांडात तर 2008 पासून. वहिनीनं चिवडा, शंकरपाळे, लसणाची चटणी अशा एकोणीस पुड्या बांधल्या होत्या, सगळ्या प्लास्टिकच्या. विमानात बाजूच्या गुजराती काकूंनी सांगितलं तेव्हा बायकोनं घरून आणलेल्या उशीचा अभ्रा काढला अन् सगळा चिवडा त्यात ओतला, शंकरपाळे अन् चटणीबी त्यातच, अन् पुढं दहा दिवस आम्ही अभ्र्यात हात घालून खाल्लं. स्टीलचे डबे न्या, कापडी पिशव्या न्या, पाण्याची स्टीलची बाटली न्या, कॅम्पवर भरून देतात.

लक्झरी कशाला म्हणायचं, इथं आम्ही सगळ्यात जास्त फसलो

एजंटाच्या फोटोत स्विमिंग पूल होता, बुफे होता, एसी होता अन् खाली हिरव्या अक्षरात इको लिहिलं होतं. आम्हाला खरं तर तिथंच कळायला पाहिजे होतं, कारण आमच्याच भागात उन्हाळ्यात बोअर आटते, बाया दोन किलोमीटर पाण्याला जातात अन् त्याच वेळी एका रिसॉर्टचा पूल काठोकाठ भरलेला असते, बोर्डवर तिथंबी इकोच लिहिलं आहे. दुसऱ्याच्या दारात गेल्यावर मात्र आपणच पूल मागतो.

पहिल्या दोन रात्री त्या मोठ्या लॉजला काढल्या, शंभरच्या वर खोल्या. सकाळी एक सिंहीण दिसली अन् भोवती तीस गाड्या, आमचं मोहर्लीचं गेट आठवलं. पुढच्या तीन रात्री कन्झर्वन्सीतल्या तंबूत होतो, तिथं गेल्यावर कळलं की पाचही रात्री इथंच काढायला पाहिजे होत्या.

कन्झर्वन्सी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. मासाई माराच्या सरकारी राखीव भागाला लागून मासाई कुटुंबांच्या स्वतःच्या जमिनी आहेत. त्यांनी त्या एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्यानं दिल्या, भाडं जमीनमालकाच्या खात्यात जमा होते, टुरिस्ट येवो न येवो, अन् ठरलेल्या पाळीनं त्यांची गुरंही चरतात. मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो ही त्यातली नावं. तंबू किती ठोकायचे याला मर्यादा आहे, एका जनावरापाशी किती गाड्या थांबायच्या याला मर्यादा आहे, वरून रात्रीची सफारी अन् पायी फिरणं जे राखीव भागात चालत नाही ते इथं चालते. महाग आहे, पण पैसा कुठं जाते ते दिसते. भाऊ सगळं ऐकून गप बसला होता, मग म्हणे, "आपली बी जमीन अशी भाड्यानं गेली असती तं?" त्यावर कोणी काही बोललं नाही.

बुक करायच्या आधी कॅम्पला मेल टाकून विचारायचं: जमीन कोणाची आहे, पाणी कुठून येते, वीज कशावर चालते, कचरा कुठं जाते, अन् मॅनेजर-गाईड त्याच भागातले आहेत का. नीट काम करणारे चार पानं भरून उत्तर देतात, बाकीचे टॉवेल रोज धुवू नका असं कार्ड ठेवतो म्हणून सांगतात. केनियात इकोटुरिझम केनिया ही संस्था कॅम्पला ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असं रेटिंग देते, तेही पाहून घ्या.

तंबूत गेल्यावर रुसू नका. बाहेर बादली टांगून गरम पाणी सोडतात, तोच शॉवर. भाऊ पहिल्या दिवशी लय चिडला, इतके पैसे मोजून बादलीनंच आंघोळ करायची तं घरी काय वाईट होतं म्हणे. अर्ध्यातच पाणी संपलं अन् अंगाला साबण तसाच. उपाय सोपा आहे, आदल्या रात्री टाइम सांगून ठेवायचा अन् दोन बादल्या सांगायच्या. सोलरवर हेअर ड्रायर चालवला की सगळा कॅम्प अंधारात जाऊ शकते, विचारून लावा. केनिया-टांझानियात तीन चपट्या पिनांचा प्लग लागते, दक्षिण आफ्रिकेत मात्र आपल्या गिझरवाला जाडा गोल तीन पिनांचा.

नदीपाशी केलेलं पाप

हे सांगायला लाज वाटते. मारा नदीवर हजारो विल्डबीस्ट जमले होते, दोन तास झाले तरी उतरेनात अन् आमचा ड्रायव्हर लांब झाडाखाली गाडी लावून शांत बसलेला. आम्ही चौघांनी त्याला टोचून टोचून गाडी काठावर न्यायला लावली, आमचं पाहून आणखी सात-आठ आल्या अन् जनावरांची उतरायची वाटच बंद झाली. कळप वापस फिरला. गाड्यांनी नेहमीची वाट अडवली की ते कधी कधी उभ्या कड्यावरून उड्या मारतात अन् पाय मोडून घेतात हे ड्रायव्हरनं नंतर सांगितलं, आधी नाही सांगितलं, कारण टिप जाईल ही भीती. चुलतभाऊ संध्याकाळी घरी येऊन ज्या तोंडानं जेवते ना, तेच तोंड त्या ड्रायव्हरचं.

म्हणून पहिल्याच दिवशी गाईडला सांगून टाका की आम्हाला घाई नाही, नियम मोडू नको, काही दिसलं नाही तरी तुझी टिप पक्की. दिवसाला गाडीमागं 10 ते 20 डॉलर देतात साधारण. त्यांच्या भाषेत पोले पोले म्हणजे हळूहळू, एवढा एक शब्द पाठ करा. अन् वाघ कुठं आहे असं विचारू नका, आफ्रिकेत वाघ नाही. आम्ही नाही विचारलं, उलट तो गाईडच वाघाबद्दल आम्हाला विचारत राहिला, दुसऱ्या दिवशीची अर्धी सफारी त्यातच गेली अन् ती सगळ्यात भारी गेली.

गोरिलाचं आम्ही रद्द केलं. रवांडात परमिट माणशी 1,500 डॉलर, युगांडात 800, अन् मिळते फक्त एक तास, एका वेळी आठच माणसं. पंधरा वर्षाच्या खालचे पोट्टे नेता येत नाहीत. सर्दी-खोकला असेल तर परत पाठवतात, कारण आपले रोग त्यांना लागतात, तेव्हा आधीचे चार दिवस तब्येत सांभाळा. सिंहाच्या पिल्लासोबत फोटो, हत्तीवर बसणं असलं काही कुठं देत असतील तर पाठ फिरवा, ती पिल्लं मोठी झाल्यावर त्यांचं काय होते ते विचारून पाहा.

माणसांचे फोटो विचारून काढा. आमच्या इथं एका पाहुण्यानं आई चुलीपाशी बसली असताना न विचारता फोटो काढला होता, ती दोन दिवस त्याच्यासमोर आली नाही. तरी बायकोनं मासाई वस्तीत मोबाईल काढलाच, एक म्हातारी उठून आत गेली. पोरांना चॉकलेट वाटू नका, द्यायचंच असेल तर शाळेला काय पाहिजे ते कॅम्पवाल्याला विचारा. मण्यांचे दागिने वस्तीतल्या बायांच्या हातूनच घ्या अन् फार घासाघीस करू नका.

जेवणाची चिंता फुकटची. चपाती, समोसा, चहा सगळं मिळते, आपलीच माणसं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रेल्वे बांधायला गेली होती ना. स्वाहिलीत गाडीला गारी म्हणतात, दुकानाला दुका, पैशाला पेसा. मक्याच्या पिठाचा उगाली घशाखाली उतरत नसेल तर सोबत ठेचा ठेवा, आम्ही तेच केलं. युपीआयच्या भरवशावर जाऊ नका, तिथं 2007 पासून एम-पेसा आहे, मोबाईलवरून पैसे द्यायची त्यांची सोय. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या न्या, जुन्या, चुरगळलेल्या किंवा पेनानं लिहिलेल्या कोणी घेत नाही.

शेवटचं, यलो फिवरची लस. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, निघायच्या कमीत कमी 10 दिवस आधी, एकदा घेतली की जन्मभर चालते. लस घेतल्याचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, कारण केनियातून वापस येताना ते नसेल तर आपलंच सरकार 6 दिवस वेगळं ठेवू शकते. मुंबईला उतरलो तर आरोग्यवाल्यांच्या टेबलासमोर भाऊचं कार्ड सापडेना. टांझानियात शिरताना नमांगाच्या बॉर्डरवर दाखवलं होतं, मग कुठं ठेवलं ते आठवेना, पाकीट पाहिलं, शुका झटकली, मागं लाइन वाढत चाललेली. शेवटी वहिनीनं अभ्रा उलटा केला अन् उरलेल्या चिवड्यासोबत कार्ड टेबलावर पडलं, तेलकट, कोपऱ्याला शेंगदाणा चिकटलेला. साहेबांनी दोन बोटांनी उचलून पाहिलं, शिक्का वाचता येत होता.