एनआयसीयूत नवीन लागलेल्या सिस्टरांसाठी: कोर्स कुठला आधी आणि परत आल्यावर काय

परवा रामबागेतल्या ओळखीच्या काकूंच्या मुलीचा फोन आला, बीएस्सी नर्सिंग झालंय, इथेच इंदूरला एका हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, जॉईन होतेय, ताई सगळ्यात आधी कुठलं सर्टिफिकेट करू? अर्धा तास बोललो तरी निम्मं राहिलंच, म्हणून लिहून काढतेय, दरवर्षी कुणीतरी हेच विचारतं. मी 2011 पासून नवजात बाळांच्या वॉर्डात आहे, डॉक्टर नाही, नर्स आहे, त्यामुळे जे सांगतेय ते नर्सच्या बाजूनं.

रजिस्ट्रेशनसाठी लागणाऱ्या ट्रेनिंगच्या तासांचं आधी उरकते. डॉक्टरांसाठी 2002 च्या नियमावलीत 5 वर्षांत किमान 30 तास सीएमई, म्हणजे काम करता करता घ्यायचं पुढचं शिक्षण, असं लिहिलंय. आपल्याला इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या हिशोबानं रजिस्ट्रेशन रिन्यू करताना 5 वर्षांत 150 तास लागतात, म्हणजे वर्षाला 30. भोपाळच्या नर्सिंग काउन्सिलला कागद पाठवायची वेळ आली की सगळ्यांची धावपळ होते, तेव्हा पहिल्या दिवसापासून एक फाईल करा, प्रत्येक सर्टिफिकेटवर तास आणि देणारी संस्था छापलीय का ते तिथेच, हॉलमधून निघायच्या आधी बघा. फाईलीचं एवढंच. बाकी सगळं बाळाजवळ उभं राहिल्यावर कामाला येतं की नाही त्यावर आहे.

पहिला कोर्स एनआरपीच करा, म्हणजे नवजात बाळाचं रिससिटेशन, न रडणाऱ्या बाळाला श्वास देऊन सावरणं, दुसरा कुठलाही नाही. आयएपीचा म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा एनआरपी एफजीएम आहे, एफजीएम म्हणजे फर्स्ट गोल्डन मिनिट, जन्मानंतरचं पहिलं मिनिट. बेसिकमध्ये बॅग-मास्कपर्यंत, म्हणजे तोंडावर मास्क बसवून हातानं बॅग दाबून श्वास देण्यापर्यंत, शिकवतात, अ‍ॅडव्हान्समध्ये छाती दाबणं, ट्यूब, औषधं. सरकारी नोकरीत असाल तर 2009 पासूनचं नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं ट्रेनिंग आहे, ते दोन दिवसांचं. बेसिक आधी नीट करा, अ‍ॅडव्हान्सची घाई नको, कारण न रडणाऱ्या बाळांपैकी बहुतेकांना नीट दिलेला श्वासच पुरतो, छाती दाबायची वेळ फार थोड्यांवर येते.

आता माझं स्वतःचं सांगते. 2012 च्या हिवाळ्यातली नाईट होती, पूर्ण दिवसांचं बाळ, इमर्जन्सी सिझर, बाळ रडलं नाही, अंग ढिलं. बालरोगतज्ज्ञ घरून निघालेले, बाकी दोन्ही डॉक्टर आईकडे गुंतलेले. एनआरपी करून मला सात महिने झाले होते. मी मास्क लावला, बॅग दाबली, छाती हलली नाही, म्हणून मी अजून जोरात दाबली, परत नाही, आणि मग डोकं रिकामं झालं. तेवढ्यात आमच्या सीनियर सिस्टर आल्या, त्यांनी काही न बोलता बाळाची मान सरळ केली, मी जास्त मागे वाकवली होती, खांद्याखाली कपड्याची घडी सरकवली, मास्क दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या तू फक्त दाब. छाती उठली. ठोके वाढले, बाळ रडलं, आणि पुढे त्याचं सगळं व्यवस्थित झालं. पण ती रात्र मी विसरले नाही, कारण छाती हलत नसेल तर आधी मास्क नीट बसवा मग मान नीट करा, ही एनआरपीत शिकवलेल्या यादीतली पहिली दोन कामं आहेत आणि कोर्सच्या पेपरात मी ती बरोबर लिहिली होती.

त्यानंतर आम्ही एक सवय लावली ती अजून चालू आहे. ड्युटी सुरू होताना बॅग-मास्क तर तपासायचाच असतो, मास्कचं तोंड तळहातावर दाबून बॅग दाबायची, प्रेशर बनतंय का, वॉल्व्ह उघडतोय का, सक्शनचा दाब 80 ते 100 mmHg वर आहे का, बाळाला ऊब देणारा वॉर्मर गरम आहे का. त्याच वेळी पाच मिनिटं मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हात फिरवायचा. खूप ठिकाणी मॅनिकिन कपाटात कुलूपबंद असतं, किल्ली मागायला लाजू नका, ते ठेवण्यासाठी घेतलेलंच नाही. मॅनिकिन नसेलच तर साधी बाहुली घ्या, तिची छाती उठणार नाही पण अंगठा आणि पहिल्या बोटाचा सी आणि बाकी तीन बोटांचा ई, ही पकड बसते, आणि ताल बसतो. दाब-दोन-तीन, दाब-दोन-तीन, मिनिटाला 40 ते 60. छाती दाबायची असेल तर तीन दाब एक श्वास, मिनिटाला 90 दाब आणि 30 श्वास, म्हणजे एक फेरी दोन सेकंदांची. आमच्यात कुणी मराठीत मोजतं कुणी हिंदीत कुणी इंग्लिशमध्ये, आणि दोघींचा ताल वेगळा असला की श्वास आणि दाब एकमेकांवर आदळतात, म्हणून युनिटमध्ये एकच मोजणी ठरवा आणि मोठ्यानं म्हणा.

औषधाचंही तसंच. अ‍ॅड्रिनलिनची अँप्यूल 1:1000 ची येते, 1 मिली घेऊन 10 मिली करायची म्हणजे 1:10,000 होते, आणि शिरेतून किलोला 0.1 ते 0.3 मिली. हे शांत बसून सोपं वाटतं, पण रात्री तीनला दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. आमच्याकडे 1 किलोपासून 4 किलोपर्यंतचा तयार तक्ता वॉर्मरला चिकटवलाय, तरीसुद्धा दुसरीनं मोठ्यानं वाचल्याशिवाय आम्ही सिरिंज देत नाही. बाळांच्या वॉर्डात नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्या महिन्यात रोज एक गणित घालते, त्यांना कंटाळा येतो, पण मी सोडत नाही.

एकदा शिकलं की झालं असं या कामात का चालत नाही ते मी माझ्याच डोळ्यांनी पाहिलंय. मी लागले तेव्हा बाळ रडलं नाही की थेट 100 टक्के ऑक्सिजन, असंच मला दाखवलं गेलं, खरं तर 2010 च्याच गाइडलाइनमध्ये पूर्ण दिवसांच्या बाळाला साध्या हवेवर सुरुवात करा असं आलेलं होतं, आमच्यापर्यंत ते पोचायला बराच वेळ गेला. मग पोटात शी केलेलं बाळ, मेकोनियमवालं, ढिलं असेल तर आधी ट्यूब घालून घशातून ओढून काढायचं असं आम्हाला घोकून घेतलं होतं, 2015 ला ते सरसकट करू नका म्हणून आलं, कारण त्या ओढण्यात श्वास द्यायला उशीर होतो. सगळ्यात मोठा बदल कांगारू केअरचा. ही पद्धत 1978 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटाला सुरू झाली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून बाळ आईच्या छातीशी बांधायला लागले. आम्ही शिकलो की बाळ स्थिर झाल्यावर कांगारू. 2021 ला मोठा अभ्यास आला, घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपल्याकडचं दिल्लीचं सफदरजंग, त्यात 1 ते 1.8 किलोच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता लगेच आईजवळ ठेवलं तर मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. 2022 ला डब्ल्यूएचओनंही सांगितलं, लगेच सुरू करा, दिवसाचे 8 ते 24 तास. म्हणजे दहा वर्षं मी ज्या आयांना "थांबा, अजून नाही" म्हटलं त्यांना मी काय सांगायला हवं होतं? हा प्रश्न मला आजही सतावतो, आणि म्हणूनच मी सीएमई चुकवत नाही.

तुम्ही पण परत आल्यावर आठवड्याच्या आत एक तरी गोष्ट वॉर्डात करून बघा. मी जाऊन आले की इन-चार्जना विचारून दहा मिनिटं मागते आणि सगळ्यांना दाखवते, स्लाइड इंग्लिशमध्ये असतात, माझ्या वहीत मराठीत उतरतात आणि समजावते हिंदीत, त्या तीन वेळा फिरण्यातच मला नीट कळतं. आमच्याकडे झाबुआ, बडवानी, धार इकडून रेफर झालेली बाळं येतात, आया भिली किंवा निमाडी बोलतात, तेव्हा छातीशी धर, दूध काढून दे, अंग झाक ही वाक्यं मी वॉर्डातल्या मावशींकडून त्यांच्या बोलीत शिकले. याचे तास कुठल्याच सर्टिफिकेटात धरत नाहीत, पण आईला माझं बोलणं समजलंच नाही तर कांगारू होणार कसं.

कोर्स म्हटलं की फक्त हॉल आणि प्रोजेक्टर नाही. सरकारी एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या युनिटात, लागलात तर एफबीएनसी, म्हणजे हॉस्पिटलमधल्या नवजात बाळांच्या देखभालीचं ट्रेनिंग, मिळेल, चार दिवस वर्ग आणि मग दोन आठवडे मोठ्या सेंटरला ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे तिथलं काम बघत शिकणं. हे दोन आठवडे सोन्यासारखे आहेत, तिथे फोटो काढत बसू नका, तिथल्या सिस्टर हात कधी धुतात, ड्रिप कशी लिहितात, आईला किती वेळा आत घेतात ते बघा. खाजगीतल्या मुलींना हे सहसा मिळत नाही, त्यांनी इथल्या एमजीएम मेडिकल कॉलेजला किंवा आयएपीच्या शाखेतर्फे नर्सेससाठी काही आहे का याची चौकशी ठेवायची, खास करून 15 ते 21 नोव्हेंबर, तो नवजात शिशु सप्ताह असतो.

ऑनलाइन वेबिनार मी पण करते, एक्स-रे वाचणं, व्हेंटिलेटरचे ग्राफ, इन्फेक्शन, यासाठी छान आहेत. पण कुकर लावता लावता कानात चालू ठेवून सर्टिफिकेट डाउनलोड केलं तर तास मिळतील, बाळाला काही मिळणार नाही. हाताचं काम स्क्रीनवर येत नाही.

अजून एक, कार्यक्रमाचा खर्च कोण करतंय ते बघा. बाळाच्या दुधाच्या डब्यांच्या कंपन्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांचे सेमिनार, कॉन्फरन्स स्पॉन्सर करायला आपल्याकडे कायद्यानंच बंदी आहे, 1992 चा कायदा, 2003 ला अजून कडक केलेला. कुणी पेन, बॅग, जेवण घेऊन आलं तर सरळ नाही म्हणा. सकाळी आईला अंगावरचंच दूध म्हणून समजवायचं आणि दुपारी त्यांचं जेवण जेवायचं, हे मला पटत नाही.

दोन-तीन वर्षं झाली की क्वालिटी इम्प्रूव्हमेंट, म्हणजे वॉर्डातलं काम मोजून सुधारणं, शिका, एम्स दिल्ली आणि डब्ल्यूएचओचं पीओसीक्यूआय म्हणून ट्रेनिंग आहे, चार पायऱ्या, प्रॉब्लेम निवडा, कारण शोधा, छोटा बदल करून बघा, टिकवा. आम्ही बाळाचं तापमान घेतलं. काखेतलं 36.5 ते 37.5 हवं, आणि लेबर रूममधून वर येणारी बाळं थंड असायची. दोन आठवडे फक्त लिहीत राहिलो, कुणाला बोललो नाही. मग दिसलं की रात्रीच्या बाळांचं जास्त बिघडतंय, खाली जाऊन पाहिलं तर टेबलावर काम करणाऱ्यांना उकडतं म्हणून एसी 20 वर, आणि बाळ पुसायचा टॉवेल कपाटातून थेट गार. रूम 25 च्या खाली नको म्हणून बोलणं झालं, थोडी कुरबुर झाली, टॉवेल आधीच वॉर्मरवर ठेवायला लागलो, ओला टॉवेल लगेच काढून दुसरा, टोपी, आणि वर आणताना आईची नाहीतर कांगारूची उब. हळूहळू थंड बाळांची नोंद कमी होत गेली. यात एक रुपयाचं मशीन लागलं नाही. मला इतक्या वर्षांच्या सगळ्या कोर्सांपेक्षा याचा जास्त आनंद झाला.

सुट्टीचं राहिलं. माझ्या आधीच्या एका नोकरीत ट्रेनिंगला गेलं की तो दिवस वीकली ऑफमधून कापायचे, आणि सलग दोन वर्षं मला एकाही वर्कशॉपला सोडलं नाही, स्टाफ कमी आहे हे कारण. ते चूक होतं आणि मी तेव्हा गप्प बसले हे पण चूक होतं. आता मी मुलींना सांगते, तोंडी विचारू नका, महिनाभर आधी लेखी अर्ज द्या, आपल्या जागी कोण ड्युटी करेल तिचं नाव आणि सही त्यातच घाला, आणि शेवटी लिहा की परत आल्यावर अमुक तारखेला सगळ्या स्टाफला डेमो देईन. ही शेवटची ओळ वाचली की नाही म्हणणं त्यांना अवघड जातं, आणि ती तारीख मग पाळायची, ऑफ असला तरी येऊन पाळायची, म्हणजे पुढच्या मुलीच्या अर्जावर सही लवकर होते.