लॅपलँडच्या मातीत सोन्याचा माग कसा काढावा

आधी बोटातली अंगठी काढा आणि तंबूतच ठेवा. मला हे सांगितलं तेव्हा मी हसले होते. मग माझ्या एका नमुन्यात सोनं निघालं, दोन दिवस मी जमिनीवर नव्हते. तोच खड्डा पुन्हा खणला तर काहीच नाही. सोनं माझंच होतं, बावीस कॅरेटचं.

उत्तर फिनलंडमध्ये खडक क्वचितच उघडा दिसतो. वर दलदल, खाली हिमयुगातल्या बर्फाने भरडून टाकलेला गाळ, म्हणजे टिल. नमुना त्यातूनच घ्यायचा, पण वरवरचा नको. राखाडी, धुपून गेलेला थर आणि त्याखालचा गंजट थर ओलांडून, रंग बदलेनासा होईल तिथून दहाएक किलो उचला. थोडक्या मातीत सोन्याचा एखादा कण आला काय, न आला काय, सगळा नशिबाचा खेळ होतो.

अर्धी माती झारेकऱ्याच्या चिकाटीने थाळीत धुवा. कण सापडला तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कडा बघा. ओबडधोबड, शेजारच्या खनिजाचा ठसा उमटलेला कण फार लांबून आलेला नसतो. गोल, दुमडलेला कण प्रवासी. मध्य लॅपलँड हिमस्तराच्या विभाजकाजवळ, म्हणजे जिथून बर्फ दोन्ही बाजूंना वाहतं त्या रेषेजवळ होता, बर्फ तिथे फारसं सरकलं नाही, त्यामुळे मूळ खडक बहुधा जवळच असतो.

आणि थाळी रिकामी राहिली तर? इथेच नवखे परततात. कित्तिल्या गावाजवळच्या सूरिकूसिक्को या सोन्याच्या साठ्याचा माग १९८६ मध्ये डोळ्यांना दिसणाऱ्या सोन्यावरून लागला खरा, पण तिथलं बहुतेक सोनं आर्सेनोपायराइट (आर्सेनिक, लोह आणि गंधकाचं खनिज) आणि पायराइट (लोह आणि गंधकाचं) यांच्या स्फटिकांत दडलेलं आहे. सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी गंधकाला धरून आलेलं सोनं गरम पाण्यातून भेगांमध्ये शिरलं. लोहयुक्त ज्वालामुखी खडकाने गंधक ओढून घेतलं, सोन्याचा आधार सुटला. असं सोनं थाळीत कसं दिसणार?

म्हणून आर्सेनिक शोधा. हातातल्या एक्सआरएफ यंत्राला, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राला, ते चांगलं कळतं. त्याच पडद्यावरच्या सोन्याच्या आकड्याला मात्र भुलू नका. खडकावर हातोडा मारल्यावर लसणासारखा वास आला तर आर्सेनोपायराइटचा संशय घ्या, पण मुद्दाम हुंगत बसू नका.

उरलेली अर्धी माती प्रयोगशाळेत पाठवताना फायर ॲसे (नमुना भट्टीत वितळवून सोनं मोजण्याची चाचणी) मागा, सोबत आर्सेनिक आणि अँटिमनी. सायनाइडमध्ये सोनं विरघळवून मोजणाऱ्या नुसत्या सायनाइड चाचणीवर विसंबू नका, स्फटिकात कोंडलेलं सोनं तिला पुरतं सापडत नाही. खाणीतसुद्धा सायनाइडआधी धातुक दाबाखाली ऑक्सिजनने फोडावं लागतं.