ऑथेंटिक फ्राइड राइस करायचाय? आधी मीठ कशातून येतंय ते ठरवा

ऑथेंटिक फ्राइड राइस कसा करायचा असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, कुठला? यांगझोऊचा वेगळा, जकार्ताचा वेगळा, मनिलाचा वेगळा आणि सगळे आपापल्या जागी अस्सलच. लोक भाज्यांवरून वाद घालतात, गाजर चालतं का, मटार हवेतच का, पण माझं ठाम मत आहे की त्यावरून काही ठरत नाही. दोनच गोष्टी बघा, भाताला खारटपणा कशातून येतोय आणि तेलात सगळ्यात आधी काय पडतंय. एवढं जमलं की बाकी फ्रिजमध्ये असेल ते घाला, उरलेला भात संपवायलाच तर हा पदार्थ करतात.

आता भात. शिजलेला भात गार झाला की त्यातला स्टार्च घट्ट होतो, वरचा ओलसरपणा जातो आणि दाणा मोकळा राहतो. आदल्या दिवशीचा असेल तर उत्तम, नसेल तर अडून बसू नका, नेहमीपेक्षा जरा कमी पाण्यात शिजवा, मोठ्या ताटात पातळ पसरा, पंख्याखाली वाफ जाऊ द्या, काम होतं. फ्रिजमधल्या भाताचे गोळे मात्र कढईत टाकायच्या आधीच ओल्या हाताने फोडून घ्या, नंतर उलथन्याने दाबत बसलात तर दाणे तुटतात आणि सगळ्याचा गिचका होतो.

आणि प्लीज, भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका! बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं उलट्यांचं विष नंतर कितीही मोठ्या आचेवर परतलं तरी जात नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रेस्टॉरंटच्या फ्राइड राइसमधून लोक आजारी पडले ते यामुळेच. तासाभरात गार करून फ्रिजमध्ये टाका.

कढई धूर सुटेपर्यंत तापवा आणि एका वेळी दोन माणसांपुरताच भात घ्या. घरच्या गॅसवर चार जणांचा एकदम घातलात तर कढई थंड पडते आणि भात परतला न जाता वाफेवर मऊ होतो, मग सॉस कुठलाही घाला, चव येत नाही.

आता प्रदेश. चीनच्या जिआंगसू प्रांतातला यांगझोऊचा फ्राइड राइस जगभर गेला, पण तिकडचा पारंपरिक भात तपकिरी नसतो, फिकट सोनेरी असतो, कारण रंग अंड्याचा आणि खारटपणा मुख्यतः मिठाचा आणि हॅमचा. सोया सॉसची बाटली ओतून त्याला यांगझोऊ म्हणू नका एवढीच विनंती. त्या शहराने २०१५ मध्ये या पदार्थाचं अधिकृत प्रमाणच जाहीर केलं, त्यात कोळंबी, हॅम, चिकन, सी कुकंबर (नाव काकडीचं असलं तरी हा समुद्री जीव), सुकवलेले स्कॅलप (एक प्रकारचे शिंपले), मशरूम, बांबूचे कोंब असं बरंच काही आहे. घरी अंडी, कोळंबी, हॅम, मटार आणि पातीचा कांदा एवढ्यावर छान होतो. आणि फ्राइड राइस कोरडाच हवा असं वाटत असेल तर हाँगकाँगमध्ये मिळणारा फुजियान स्टाइल बघा, त्यात परतलेल्या भातावर चक्क दाट ग्रेव्ही ओततात.

माझा सगळ्यात लाडका इंडोनेशियाचा नासी गोरेंग. २०१८ मध्ये तिथल्या पर्यटन मंत्रालयाने जे पाच राष्ट्रीय पदार्थ निवडले त्यात हा आहे. छोटे कांदे, लसूण, लाल मिरची आणि अर्धा चमचा तेरासी, म्हणजे कोळंबी आंबवून केलेली पेस्ट, हे सगळं वाटून तेलात पहिल्यांदा परतायचं. तेरासी आधी कोरडी भाजून घ्या, वास खूप उग्र येतो पण घाबरू नका, वाटण परतत आलं की तोच वास खमंग होतो. मग भात, आणि शेवटी केचाप मानिस, हा ताडाच्या गुळाचा दाट गोड सोया सॉस. तो भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडा, फसफसतो, कडेला गूळ किंचित करपतो, आणि तो करपट गोडवा भाताला लागला की नासी गोरेंग झाला. वर हाफ फ्राय अंडं, बाजूला काकडी आणि क्रुपुक, म्हणजे तिकडचे तळलेले कुरकुरीत पापड. केचाप मानिस नसेल तर सोया सॉस आणि गूळ समप्रमाणात मंद आचेवर आटवा, बऱ्यापैकी जवळ जातं. टोमॅटो केचप हा त्याला पर्याय नाही.

थायलंडच्या खाओ फाटमध्ये जास्मिन राइस, लसूण, खारटपणाला फिश सॉस आणि चिमूटभर साखर. लिंबाची फोड आणि फिश सॉसमध्ये चिरलेली मिरची सोबत लागतेच, ती नसेल तर पदार्थ अर्धाच. जपानी चाहान आखूड दाण्याच्या तांदळाचा, तरीही दाणा मोकळाच हवा म्हणून जरा जास्त मेहनत आहे. कोरियाच्या किमची बोक्कुमबापला मात्र थोडा चिकटपणा चालतो, तिथे किमची, म्हणजे मसाला लावून आंबवलेला कोबी, जुनी, चांगली आंबलेली पाहिजे, पिळून परता, पिळून निघालेलं पाणी नंतर घाला आणि शेवटी दोन मिनिटं न हलवता खालचा थर कुरकुरीत होऊ द्या. शाकाहारी असाल तर लेबल वाचा, किमचीत बहुतेक वेळा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते.

बिघडतं कधी, तर सोया सॉस, फिश सॉस, तिळाचं तेल, गोचुजांग (कोरियाची आंबवलेली मिरचीची पेस्ट) सगळं एकाच कढईत पडतं तेव्हा. मग ते कुठलंच राहत नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर फिलिपिन्सच्या सिनांगागपासून सुरुवात करा. तीन वाट्या गार भात, सात-आठ लसूण पाकळ्या, तेल, मीठ, बस. लसूण थंड तेलात घालून मंद आचेवर सोनेरी करा, अर्धा बाजूला काढा, मग आच वाढवून भात परता, मीठ घाला, काढलेला लसूण वरून. तिथे हा नाश्त्याला अंड्यासोबत खातात. लसूण सोनेरी व्हायला लागला की कढईसमोरून हलू नका, काळा पडला तर सगळा भात कडू होतो.