नवी मुंबईहून विमानप्रवास : अंतर आणि वेळ यांचा हिशेब कसा करावा

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि ठाणे, वाशी, पनवेलकडच्या प्रवाशाला मुंबई परिसरातील दोन विमानतळांमधून निवड करता येऊ लागली. त्यामुळे तिकीट काढताना पहिली काळजी घ्यायची ती विमानतळाच्या संकेताची : सांताक्रूझचा संकेत बीओएम, तर नवी मुंबईचा एनएमआय. नुसते ‘मुंबई’ वाचून पुढे जाऊ नये.

दोन विमानतळांमधील हवाई अंतर पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या मार्गाने मोजतात. देशांतर्गत प्रवासासाठी ते कागदावरही काढता येते. नवी मुंबईचे अक्षांश १८.९९ उत्तर व रेखांश ७३.०७ पूर्व आहेत, तर दिल्लीचे २८.५७ उत्तर व ७७.१० पूर्व. अक्षांशांतील फरक ९.५८ अंश असून एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तरेकडचे अंतर १,०६३ किलोमीटर होते. रेखांश मात्र ध्रुवांकडे जाताना जवळ येत असल्याने त्यांतील ४.०३ अंशांच्या फरकाला १११ ने आणि मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे सुमारे २४ अंशांच्या, कोसाइनने (०.९१) गुणावे; पूर्वेकडचे अंतर ४०७ किलोमीटर येते. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतले की सुमारे १,१४० किलोमीटर मिळतात. लंडनसारख्या दूरच्या ठिकाणासाठी ही रीत वापरू नये; तेथे गोलाचे पूर्ण गणित करणारे साधन हवे.

आता वेळ. ताशी ८०० किलोमीटर वेग धरला तर दिल्लीला एक तास पंचवीस मिनिटे लागायला हवीत, पण तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिसते, आणि ती योग्यच असते. कारण ती विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंत मोजलेली असते. धावपट्टीपर्यंत जाणे, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, ठरवून दिलेल्या मार्गाचे वळण, उतरण्यासाठी रांगेत थांबणे, हे सारे तिच्यात येते. म्हणून अंतराला ८०० ने भागून त्यात पाऊण तास मिळवावा. माझ्या मते घरगुती अंदाजासाठी याहून अधिक बारकाईची गरज नाही.

पश्चिमेकडच्या प्रवासात वाऱ्याचाही विचार करावा लागतो. हिवाळ्यात उत्तर भारत आणि आखाताच्या वर उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, त्यामुळे दुबईला जाताना लागणारा वेळ परतीपेक्षा जास्त असतो. शिवाय तिकिटावरील दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. समजा, विमान येथून दुपारी ४ वाजता निघून तेथे ५.४५ ला पोहोचणार असेल, तर प्रवास पावणेदोन तासांचा नसून सव्वातीन तासांचा आहे. परतताना हाच दीड तास वजा करावा.

सांताक्रूझ आणि नवी मुंबई या दोन विमानतळांमधील सरळ अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत असल्यामुळे उड्डाणाच्या वेळेत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. खरा फरक रस्त्यावर पडतो. ऐरोली किंवा घणसोलीहून निघणाऱ्याने ठाणे-बेलापूर रस्त्याची, तर घोडबंदर भागातून निघणाऱ्याने घोडबंदर रस्त्यावरील कोंडीची वेळ आधी पाहावी, ज्या तासाला निघायचे त्याच तासाची पाहावी, आणि मगच विमानतळ निवडावा.